कथानायकाचं नाव

कथानक, पात्रे, वातावरण, संघर्ष, निवेदन, आशय. हे सहा शब्द मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिले आहेत की झोपेतही उजवा हात त्याच क्रमानं चालला असता. मॅट्रिकच्या मराठीच्या पेपरात कथेवरचा मोठा प्रश्न ठरलेला, त्यामुळे दर वर्षी दिवाळीनंतर हे सहा शब्द यायचे. मुली ते वहीत उतरवून घ्यायच्या, खाली दोन रेघा मारायच्या आणि पाठ करायच्या. समजलं का असं मी विचारायचे. त्या हो म्हणायच्या. मग मी पुढे जायचे. एका वर्गात पन्नास मुली, दिवसाला सहा तास, घरी सासूबाईंचं पथ्याचं वेगळं रांधणं. कोणाला खरंच किती समजलं हे शोधत बसायला माझ्यात त्राण नव्हतं, आणि नव्हतं याचं मला तेव्हा वाईटही वाटत नसे.

आमची मुलींची शाळा नांदुऱ्याला, स्टेशनापासून चालत पाच मिनिटांवर. गाडी आली की शिकवणं थांबवायचं, गेली की पुन्हा सुरू. राज्य नवीन झालं होतं आणि पुस्तकंही नवीन आली होती. त्यात मॅट्रिकला एक कथा होती, कोकणातल्या खाडीवरच्या दोन नावाड्यांची. एक आपला नायक, सरळ माणूस. दुसरा त्याचा वैरी. वैरी एका रात्री नायकाच्या होडीचा दोर कापतो, होडी वाहून जाते. नायक पै पै करून दुसरी होडी बांधतो. पुढे भर पावसात वैऱ्याच्या बायकोला पलीकडच्या डॉक्टरकडे न्यायची वेळ येते, तेव्हा वैऱ्याची होडी गळत असते आणि नायकाची धड असते. नेऊ की नको, या एका दुपारची ती कथा. शेवटी तो नेतो. आमच्या मुलींनी समुद्र पाहिलेला नव्हता. खाडी म्हणजे मोठा नाला काय, असं दर वर्षी कोणीतरी विचारायचंच, आणि मी हो, तसंच समजा, म्हणायचे.

शाळेत एक शिपाईण होती. घंटा देणं, पाणी भरणं, झाडलोट, सगळं तिच्याकडे. वय तिशीच्या आसपास, पण मुली तिला मावशी म्हणत. नवऱ्यानं पाच-सहा वर्षांपूर्वी तिला सोडून भुसावळकडे दुसरं घर केलं होतं. मुलगी होती एक, ती मामाकडे खेड्यात. लग्नाआधी ही नववीपर्यंत शिकलेली, म्हणून शाळेत लागल्यावर तिनं बाहेरून मॅट्रिकला बसायचं ठरवलं. गणित, इंग्रजी, सगळे विषय एकेक करून सुटले. इंग्रजी सुटलं त्या दिवशी आम्ही सगळ्या थक्क झालो. मराठी मात्र दोनदा राहिलं.

"इंग्रजी सुटलं अन् मराठी अडलं? अशी पोट्टी मी जन्मात पाह्यली नाई," गणिताच्या बाई म्हणाल्या.

"तुमी शिकवलं असतं तं तेही सुटलं असतं," ती म्हणाली. हे माझ्यासमोर. मी वह्या तपासत होते, मान वर केली नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला बोलावून सांगितलं की ग्रंथालय आणि सामान सांभाळायला एक लेखनिक घ्यायची आहे. मॅट्रिक झालेली हवी. तिला शाळेच्या मागची खोलीही मिळेल. तू या मार्चला सुटलीस तर जागा तुझी, नाही सुटलीस तर संस्थेच्या एका सभासदांची भाची तयार आहे, तिला मी थांबवू शकणार नाही.

खोली मिळणं याचा अर्थ मुलगी जवळ येणं. तोपर्यंत ती स्वतः एका म्हातारीच्या पडवीत राहायची, तिथं मुलीला ठेवणं शक्य नव्हतं. मुलगी चौथीत होती आणि मामाच्या गावची शाळा चौथीपर्यंतच. भाऊ वाईट नव्हता, पण त्याला स्वतःची चार लेकरं होती. त्यानं स्वच्छ सांगितलं होतं, चौथी झाली की एकतर तू घेऊन जा, नाहीतर ती वहिनीबरोबर वावरात जाईल. त्यात लपवाछपवी काही नव्हती. मार्चला मराठी सुटलं तर मुलगी पाचवीत, नाही सुटलं तर कापूस वेचायला.

मोठ्या बाईंनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. "तुमचाच विषय आहे," म्हणाल्या. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्या फायलीत डोकं घालून बसल्या.

म्हणून संध्याकाळी शाळा सुटल्यावर एक तास. तिनं सगळे वर्ग झाडून यायचं, मी खुर्चीत पाय लांब करून बसायचे. पहिल्याच दिवशी मला कळलं की तिला शिकवायचं काय हेच मला माहीत नव्हतं.

"कथानक म्हंजे काय बाई? जे जे झालं ते?"

"जे झालं ते सगळं नाही. एक गोष्ट झाली म्हणून दुसरी झाली, तशी साखळी."

"म्हंजे दोर कापला म्हनून होडी गेली, होडी गेली म्हनून दुसरी बांधली, दुसरी होती म्हनूनच तं त्या बाईले न्यायचा सवाल आला. पह्यली होडी असती तं ती जुनी, तिच्यात त्या पुरात कोनी बसलंच नसतं."

इतक्यांदा शिकवूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. वैऱ्यानं दोर कापला म्हणूनच त्याच्या बायकोचा जीव वाचला. मी तिला बरं म्हणाले आणि पुढचा शब्द घेतला.

वातावरणाला ती म्हणाली, पाऊस नसता तर कथाच नव्हती. संघर्षाला म्हणाली, भांडण दोघांचं दिसते, पण खरं भांडण त्याचं त्याच्याशीच चालू हाय, बाहेरचं तं कधीच मिटलं. हे सगळं ती उभ्या उभ्या, फडकं हातात घेऊन सांगायची. मी ठरवलं, ही सुटणार. उगीच दोनदा नापास केली हिला.

मग तिला म्हटलं, आता हेच लिहून आण. 'नायकाचे स्वभावचित्र.' दुसऱ्या दिवशी तिनं वही दिली. अक्षर चांगलं होतं. मजकूर असा होता: 'तो गरीब होता पण कष्टाळू होता. त्याने त्याचा दोर कापला. तरी त्याने त्याच्यावर राग धरला नाही. तो त्याला म्हणाला बायकोला ने. तेव्हा तो गप्प बसला. मग त्याने विचार केला व तो उठला.'

मी दोनदा वाचलं. कोण कोणाला म्हणाला याचा पत्ता नव्हता. मला वाटलं, घाई केली असेल. पुन्हा लिहायला लावलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा लिहिलं ते आणखी लांब होतं, आणि त्यात आणखी 'तो' होते.

"अगं, हे काय? हा 'तो' कोण आणि तो 'तो' कोण?"

"समजते ना बाई. आपल्याले गोष्ट माहीत हाय."

"मला माहीत आहे. पेपर तपासणाऱ्याला तुझी उत्तरं वाचून कळलं पाहिजे. तो अमरावतीला बसलाय का नागपूरला, त्याच्यासमोर गठ्ठा आहे, तो तुझा 'तो' शोधत बसणार आहे?"

"चांगला असला तं शोधील."

आठवडाभर मी तिला सर्वनामांवरून रागावत होते. श्रुतलेखन दिलं, पाच-पाच वाक्यं लिहायला लावली. इतर धड्यांवर ती स्वच्छ लिहायची. एकदा कंटाळून मी तिच्या तिन्ही वह्या घरी नेल्या आणि भाजी चिरून झाल्यावर शेजारी ठेवून पाहिल्या. तेव्हा दिसलं. वैऱ्याचं नाव होतं. वैऱ्याच्या बायकोचं होतं, डॉक्टरचं होतं, गावाचंसुद्धा होतं. नायकाचं नाव एकदाही नव्हतं. 'कोण कोणास म्हणाले' या प्रश्नात जिथं त्याचं नाव यायला हवं तिथं रिकामी जागा.

दुसऱ्या दिवशी मी वही पुढे ठेवली. "हे नाव लिही."

तिनं फडकं खाली ठेवलं. "ते मी लिहीत नाई बाई."

"का गं?"

"घरच्याचं हाय ते."

मला एक क्षण कळलंच नाही. मग कळलं, नवऱ्याचं नाव. अगदी साधं नाव होतं ते, आमच्याकडे दर चौथ्या घरात सापडेल असं. दोन वर्षं ही बाई एका नावासाठी नापास होत होती आणि आम्ही तिला व्याकरण शिकवत होतो.

खरं सांगायचं तर मला दया आली नाही. राग आला. माझे पाय दुखत होते, साडेपाच वाजून गेले होते.

"तो टाकून गेला ना तुला?"

"हाव."

"दुसरी केली ना?"

"हाव. दोन लेकरं हायेत तिले."

"मग कोणासाठी पाळतेस हे? तुझी पोरगी वावरात जाईल, त्या सभासदाची भाची खोलीत राहील, आणि भुसावळला बसलेल्या त्या माणसाला कळणारसुद्धा नाही तू काय लिहिलंस अन् काय नाही!"

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो गेला बाई. मी थोडीच गेली? आज गावात कोनी म्हनू शकत नाई का मी सोडलं म्हनून. मी नाव घेतलं तं मीही सोडलं."

"कागदावर कोण बघतंय?"

"मी हाये ना पाहाले."

मी म्हटलं, हळदीकुंकवाला नाव घ्यायचीसच ना? चारचौघींत उखाणा घेतला असशील.

"ते बाया हात धरून आग्रह करतात तवा. आता मले कोनी आग्रह करत नाई. माह्या पुढून ताट पुढच्या बाईकडे जाते," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, बस कुठून सुटते ते सांगावं तसं.

मी स्वतः शिकलेली, हजेरीपत्रकावर रोज सही करणारी. पण माझ्या सहीत नवऱ्याच्या नावाचं एक अक्षर आणि टिंब असतं, पूर्ण नाव मी कधी लिहिलेलं नाही आणि तोंडानं तर नाहीच. का, असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी तिला तेच सुचवलं, एक अक्षर लिही आणि पुढे टिंब दे.

"अक्षर लिहिलं म्हंजे काय उरलं बाई? अर्धं कुंकू पुसल्यावानी."

त्या दिवशी मी तिला घरी जा म्हटलं. स्टेशनाकडे चालताना डोक्यात तेच. मोठ्या बाईंना सांगावं आणि हात झटकावेत, असंही मनात आलं. तिच्यापायी माझी रोजची एक संध्याकाळ जात होती आणि सासूबाई वेळेवर जेवण नाही म्हणून तोंड फिरवून बसत होत्या.

उत्तर फार हुशारीनं सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मॅट्रिकच्या वर्गात नेहमीचे सहा शब्द लिहिले आणि 'पात्रे'च्या खाली सवयीनं लिहिलं: नायक, नायिका, प्रतिनायक, गौण पात्रे. मुली रेघा मारत होत्या. खडू हातात तसाच राहिला. इतकी वर्षं हे शब्द मी मुलींच्या वह्या भरायला वापरले होते. कोणाला त्यांची खरी गरज पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी तिला म्हटलं, "नायक लिही. जिथं त्याचं नाव येईल तिथं 'कथानायक'. आणि वैऱ्याचं नाव आहेच."

"नायक म्हंजे सिनेमातला?"

"कथेतलाही असतो. ज्याच्या मनात नेऊ की नको चाललंय, तो. पुस्तकातलाच शब्द आहे, कोणी चूक म्हणणार नाही."

तिनं तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं. "कथानायक. कथानायक उठला. कथानायकानं दोर सोडला." मग हसली. "चांगलं हाय. यानं आपली बायको टाकली नाई."

त्यानंतर दोन महिने आम्ही तेवढंच केलं. 'तो' दिसला की मी लाल रेघ मारायचे आणि तिनं ते वाक्य पुन्हा लिहायचं. हळूहळू उत्तरं उभी राहिली. गंमत अशी की नाव नसल्यामुळे तिला दर वेळी सांगावं लागायचं तो काय करतोय, कशासाठी करतोय, नाहीतर वाक्य पोकळ वाटायचं. नाव लिहिणाऱ्या माझ्या मुली नाव लिहून मोकळ्या व्हायच्या. पण याचं मी कौतुक केलं नाही, तेवढा वेळ नव्हता.

अडचण राहिली ती 'कोण कोणास म्हणाले' याची. तिथं नावच मागतात. ते गुण गेले तर उरलेल्यात पास होणं काठावरचं काम होतं.

"तिथं तरी लिहिशील ना?" मी विचारलं.

"पाहीन," ती म्हणाली. ज्या स्वरात आमच्याकडे 'नाही' म्हणतात त्या स्वरात.

परीक्षेचं केंद्र खामगावला होतं. सकाळच्या गाडीनं जलंब, तिथून खामगावला जाणारी फाट्याची गाडी. मराठीचा पेपर देऊन ती दुपारच्या मोटारीनं परत आली आणि पाचची घंटा तिनंच दिली. मी वर्गातून बाहेर आले.

"कसा गेला?"

"दोन्ही नावाड्यांवरच मोठा सवाल होता. पाच पानं लिहिली."

"आणि कोण कोणास?"

तिनं घंटेचा हातोडा जागेवर अडकवला. "दोन वाक्यं त्याचीच होती. कथानायक लिहिलं."

तिचा पेपर होता, तिची मुलगी होती. घरी गेले आणि त्या दिवशी पहिल्यांदा वेळेवर स्वयंपाक केला.

उन्हाळा नेहमीसारखा गेला. पापड, कुरडया, सासूबाईंचं दुखणं. मध्ये एकदा बाजारात गणिताच्या बाई भेटल्या. सभासदांची भाची शाळेत येऊन खोली पाहून गेली, खिडकीला पडदा लागेल म्हणाली, असं त्यांनी सांगितलं. मी भाजी घेतली आणि निघाले.

जूनमध्ये निकाल आला. वर्तमानपत्रातल्या बारीक आकड्यांत तिचा क्रमांक होता. गुणपत्रिका आली तेव्हा कळलं की मराठीत दोनच गुण पासापेक्षा जास्त. मोठ्या बाईंनी मला बोलावून म्हटलं, तुम्ही फार मेहनत घेतलीत. मी हो म्हटलं, घेतली. भाचीकडच्यांनी थोडी कुरकुर केली, पण मोठ्या बाईंनी दिलेला शब्द पाळला. शाळेच्या मागची खोली तिला मिळाली. खिडकीला पडदा लागला नाही.

शाळा उघडली त्या दिवशी ती मुलीला घेऊन आली. पाचवीचा वर्ग त्या वर्षी माझ्याकडे होता. मुलगी हाडकुळी, केसांना तेल लावून वेणी घट्ट घातलेली, पायात मोठ्या मापाची चप्पल. मी प्रवेशाचं पुस्तक उघडलं. "पूर्ण नाव सांग गं."

मुलीनं आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं एका दमात खणखणीत सांगितलं, मामाच्या शाळेत शिकवतात तसं. आई शेजारी उभी होती. ती फळ्याकडे पाहत होती. मी लिहून घेतलं आणि मुलीला दुसऱ्या बाकावर बसवलं.

ग्रंथालयाची देखरेख माझ्याकडे होती. महिनाअखेरीला देवघेवीच्या वहीवर मला सही करायची असे. पुस्तक नेणाऱ्या मुलीचं पूर्ण नाव त्यात लागतं. पहिल्याच महिन्यात वही चाळताना दिसलं की सगळीकडे तिचं वळणदार अक्षर आहे आणि मध्येच काही ओळी पोरींच्या गिचमिड अक्षरात, कुठे शाई सांडलेली. त्या ओळी वाचल्या आणि कळलं. आमच्या शाळेत त्या नावाच्या बापांच्या अकरा मुली होत्या. त्यांचं पुस्तक आलं की ती वही त्यांच्यापुढे सरकवायची आणि म्हणायची, तुझं तू लिही.

तपासणीला साहेब आले तेव्हा त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "हे अक्षर वेगळं कसं?"

ती कपाटाशी उभी होती. माझ्याकडे पाहिलंही नाही तिनं.

"मुलींना लिहायची सवय लागावी म्हणून, साहेब," मी म्हटलं.

"मग सगळ्यांनाच का नाही?"

"सगळ्यांना लावली तर वही दर महिन्याला नवी लागेल," मी म्हटलं आणि सहीसाठी पेन पुढे केलं. साहेबांना चारची गाडी गाठायची होती. त्यांनी सही केली.